घरच्या शाळेतील विज्ञान: एका आईच्या पत्रास उत्तर

प्रिय ताई,

राळेगाव तालुक्यातून आपण पाठवलेले सविस्तर पत्र वाचले. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून त्याचा सारांश आधी देतो. आपली मुलगी १२ वर्षांची आहे. गावातील जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच असल्याने पाचवी आणि सहावी तिने तालुक्याच्या गावी जाऊन पूर्ण केली. परंतु एसटीच्या वेळा जुळेनात आणि पाठांतराखेरीज तिच्या हाती फारसे काही लागत नाही असे आपणा उभयतांना वाटल्याने या जूनपासून तिला घरीच शिकवण्याचे आपण ठरवले आहे. आपण बी.ए. झालेल्या आहात आणि आपले पती कापूस व तुरीची शेती करतात. भाषा आणि इतिहास आपल्याला जमेल असे वाटते, पण प्रयोगशाळा नसताना विज्ञान कसे शिकवायचे, ही आपली पहिली चिंता आहे. दुसरी चिंता अधिक नाजूक आहे. होमस्कूलिंगसाठी म्हणून जो साहित्यसंच आपण मागवला, त्यात पुराणकथा विज्ञानाच्या धड्यांत घडलेल्या गोष्टी म्हणून दिलेल्या आहेत. तसे शिकवणे आपल्याला मान्य नाही, पण घरातील सणवार आणि मुलीच्या आजोबांचे पंचांग यांचा अपमान व्हावा असेही आपल्याला वाटत नाही. त्यातच आजोबा रोज विचारतात, ‘साळेत नाई गेली त पोरीचं पुढं काय होईन?’

दुसऱ्या चिंतेपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर मिळाले की पहिलीचे अर्धे उत्तर त्यातच येते. मुलीला धर्मनिरपेक्ष पद्धतीने शिकवायचे म्हणजे घरातील देव्हारा हलवायचा किंवा पोळ्याला बैल सजवायचे नाहीत, असा अर्थ मी घेत नाही. जगाविषयी केलेले कोणतेही विधान अभ्यासाच्या वहीत उतरण्यापूर्वी त्याला ‘हे कशावरून?’ असे विचारायचे, आणि ते सर्वांना सारखेच विचारायचे, एवढेच मला त्यात अभिप्रेत आहे. पाठ्यपुस्तक, पंचांग, मोबाइलवरील व्हिडिओ, आपण स्वतः आणि हे सदर यांपैकी कोणीही त्यातून सुटू नये. हा प्रश्न फक्त श्रद्धेलाच विचारला आणि पुस्तकातील छापील वाक्य मात्र निमूटपणे पाठ केले, तर मुलीच्या हातात एका पोथीऐवजी दुसरी पोथी येईल आणि तिच्या विचार करण्यात काहीच फरक पडणार नाही. १९७६ साली राज्यघटनेत समाविष्ट झालेल्या कलम ५१ क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदलेले आहे. आपण काही जगावेगळे करत आहात असे कोणी म्हटल्यास त्या कलमाकडे निःसंकोचपणे बोट दाखवावे.

मागवलेला संच टाकून देऊ नये, तो तपासायला घ्यावा. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे मांडले, आणि चंद्राची छाया सूर्याला व पृथ्वीची छाया चंद्राला झाकते म्हणून ग्रहणे होतात असे स्पष्ट लिहिले. हे विधान ग्रंथात सापडते आणि आकाशात पडताळताही येते, त्यामुळे ते वहीत जावे. सुश्रुतसंहितेत तुटलेले नाक पुन्हा घडवण्याची शस्त्रक्रिया वर्णिलेली आहे आणि पुण्याकडे झालेल्या अशाच एका शस्त्रक्रियेचा सचित्र वृत्तान्त १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आला होता. तेही वहीत जावे. याउलट गणपतीच्या जन्मकथेला शस्त्रक्रियेचा पुरावा मानता येत नाही. ती कथा भाषेच्या तासाला आवडीने वाचावी, विज्ञानाच्या तासाला नव्हे. प्राचीन विमानविद्येचा म्हणून सांगितला जाणारा संस्कृत ग्रंथ बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी तपासला आणि तो विसाव्या शतकाच्या आरंभी रचला गेला असून त्यातील विमाने उडू शकणार नाहीत असा निष्कर्ष १९७४ साली प्रसिद्ध केला. अशी छाननी केल्यावर पूर्वजांविषयीचा आदर कमी होत नाही; तो खऱ्या कामगिरीवर उभा राहतो, आणि मुलीला तो कोणापुढेही ठामपणे सांगता येतो.

आजोबांना या अभ्यासात आणण्याचा एक मार्ग मला फार मोलाचा वाटतो, म्हणून तो सविस्तर सांगतो. अंगणात एक मीटर उंचीची सरळ काठी ओळंबा लावून उभी रोवावी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून, दुपारी बारा वाजून पाच मिनिटांपासून साडेबारापर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी आणि त्या दिवसाची सर्वांत आखूड सावली मोजून तारखेसह लिहावी. घड्याळात बारा वाजले की सूर्य माथ्यावर आला असे आपण धरून चालतो, पण भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे आणि आपण त्याच्या सुमारे चार अंश पश्चिमेला राहतो, त्यामुळे आपली खरी मध्यान्ह सरासरी पाव तासाने उशिरा होते. हा पहिला शोध मुलीला पहिल्याच दिवशी लागेल. पुढे तिला दिसेल की मध्यान्हीची सावली २१-२२ डिसेंबरला सर्वांत लांब, सुमारे ९६ सेंटिमीटर भरते आणि नंतर कमी होऊ लागते. मकरसंक्रांतीच्या दिवशी ती ८९ सेंटिमीटरच्या आसपास आलेली असेल. म्हणजे सूर्य उत्तरेकडे वळल्याला तोवर तीन आठवडे उलटून गेलेले असतात.

इथे आजोबांना विचारावे की असे का झाले असेल. ऋतू पृथ्वीच्या कललेल्या अक्षामुळे होतात, तर पंचांगातील संक्रांत तारकांच्या पार्श्वभूमीवर सूर्य कोठे आहे यावरून धरली जाते. पृथ्वीचा अक्ष अतिशय संथपणे दिशा बदलतो. त्याला एक फेरी पूर्ण करायला सुमारे २६,००० वर्षे लागतात, म्हणजे ७२ वर्षांत साधारण एक अंश. सुमारे १,७०० वर्षांपूर्वी उत्तरायण आणि संक्रांत एकाच वेळी येत असत, त्यानंतर त्यांच्यात अंतर पडत गेले. पंचांगकर्त्यांना हे ठाऊक असते, आणि अनेक पंचांगांत डिसेंबरमध्ये सायन, म्हणजे तारकांऐवजी ऋतूंवरून धरलेल्या, उत्तरायणाची नोंदही सापडते. ग्रहणाची वेळ सांगणारे पंचांगातील गणित पडताळून पाहता येते व ते बरोबर येते; त्याच पानावर छापलेले राशिफल मात्र पडताळणीला उतरत नाही. हा भेद मुलीने स्वतः करून पाहावा: एका महिन्याचे राशिफल राशीचे नाव झाकून घरातील प्रत्येकाला वाचून दाखवावे, आपले कोणते ते ओळखायला सांगावे आणि किती जणांचे उत्तर बरोबर आले ते मोजावे. तिळगूळ वाटायचा तो वाटावाच. तीच काठी मे महिन्यात पुन्हा उपयोगी पडेल, कारण २२-२३ मेच्या सुमारास आपल्याकडे मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. दक्षिणेला गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंच्याकडे हे मेच्या मध्यास घडते आणि नागपुरात त्यानंतर दहाएक दिवसांनी. हा फरक का पडतो, हे तिने पृथ्वीचा गोल समोर ठेवून शोधावे.

आता ज्या विषयाची धर्मनिरपेक्ष शिक्षणात खरी कसोटी लागते, त्या उत्क्रांतीकडे वळतो. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून हा भाग २०२३ साली वगळला गेला, तेव्हा देशातील अनेक वैज्ञानिकांनी जाहीर विरोध नोंदवला होता. आपल्या बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. तरीही तो धडा पुस्तकातून सुरू करू नये असे मला वाटते, कारण उत्क्रांती समजण्यासाठी जगात कापसाच्या शेताइतके चांगले ठिकाण क्वचितच असेल.

बीटी कापसाला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. मातीत राहणाऱ्या एका जिवाणूचे जनुक कपाशीत घातल्याने झाडात असे प्रथिन तयार होते, की ते पोटात गेल्यावर बोंडअळी मरते. २००६ पासून दोन जनुकांचे वाण आले. तरीही गुलाबी बोंडअळी वाढत गेली आणि २०१७ च्या हंगामात तिने विदर्भातील कपाशीचे किती नुकसान केले ते आपल्या घरात कोणालाही सांगायला नको. गावात त्याचे स्पष्टीकरण ‘अळीला त्याची सवय झाली’ असे दिले जाते, आणि मुलीलाही तसेच वाटत असणार. याच वाक्यावर आपण तिच्याशी आठवडाभर बोलावे. कोणत्याही एका अळीला विषाची सवय झालेली नाही; जिच्यावर विष चालले ती मेली. परंतु लाखो अळ्यांत थोड्या अशा होत्या की ज्यांच्यावर जन्मतःच त्या प्रथिनाचा परिणाम कमी होत होता. त्या वाचल्या, त्यांचे पतंग एकमेकांशी मीलन करत राहिले, आणि साधारण महिन्याला एक पिढी या वेगाने शेतातील अळ्यांत त्यांच्याच वंशाचे प्रमाण वाढत गेले. जीव स्वतःला बदलत नाही, तर जीवांच्या समूहात कोण उरते हे बदलते, एवढी गोष्ट नीट समजली की उत्क्रांतीचा गाभा समजला. पुष्कळ पदवीधरांनाही ती नीट समजलेली नसते, म्हणून घाई करू नये.

मग पुढचा प्रश्न विचारावा. हिरवी बोंडअळीही कपाशीवर येते, तरी बीटीपुढे गुलाबीच इतकी का टिकली? हिरवी अळी तूर, हरभरा आणि इतर अनेक पिकांवर जगते. त्या पिकांत बीटीचे प्रथिन नसल्याने तिच्या साध्या, विषाने मरणाऱ्या वंशाच्या अळ्याही भरपूर शिल्लक राहतात आणि त्यांच्याशी मीलन झाल्याने प्रतिकाराचे गुण विरळ होत राहतात. गुलाबी अळी मात्र जवळजवळ केवळ कपाशीवर जगते. म्हणूनच बीटीच्या पाकिटासोबत कडेने लावण्यासाठी बिगर-बीटी बियाण्याचे छोटे पाकीट येत असे; ते किती जणांनी खरोखर लावले आणि किती जणांनी धुऱ्यावर फेकले, हे मुलीने आपल्या वडिलांना आणि शेजारच्या शेतकऱ्यांना विचारून लिहावे. फरदड घेतल्याने, म्हणजे मुख्य वेचणीनंतरही कपाशी शेतात उभी ठेवल्याने, अळीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत अन्न कसे मिळत राहते, हेही त्यातच येईल. डोमकळ्या (अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुले) शोधणे, बोंड फोडून आतील अळी पाहणे आणि मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यातील पतंग मोजणे ही तिची रोजची प्रयोगशाळा होऊ शकते. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग सापडले की उपाययोजना करावी, अशी शिफारस कृषिशास्त्रज्ञ करतात. आपल्या शेतातील आकडे त्या मर्यादेशी ताडून पाहताना सरासरी, तक्ता आणि आलेख हे गणितातले तीन धडे आपोआप होतात.

हेच घरात करून पाहायचे असेल तर धान्य पुरेल. काळ्या मातीचा एक चौरस मीटरचा तुकडा सपाट करून त्यावर उडीद आणि हरभऱ्याचे प्रत्येकी ५० दाणे विखरावेत. मुलीने पक्षी होऊन अर्ध्या मिनिटात हाताला येतील तेवढे दाणे उचलावेत. उरलेल्या प्रत्येक दाण्यामागे त्याच जातीचा आणखी एक दाणा टाकावा आणि पुन्हा उचलावे. तीन-चार फेऱ्यांत मातीवर उडीदच उडीद दिसू लागतील. त्यानंतर तोच खेळ हरभऱ्याच्या रंगाच्या पोत्यावर करावा म्हणजे उलटा निकाल येईल, आणि कोणता जीव ‘श्रेष्ठ’ हे परिस्थितीवाचून सांगता येत नाही हे तिला आपोआप उमगेल.

उत्क्रांतीला लागणारा प्रचंड काळ मुलांच्या कल्पनेत बसत नाही, त्यासाठी शेतात दोरी ताणावी. एक मिलिमीटर म्हणजे एक लाख वर्षे असे धरले तर पृथ्वीचे ४५४ कोटी वर्षांचे वय ४५.४ मीटर दोरीत मावते. आपल्या काळ्या मातीखालील बेसाल्ट खडक ज्या लाव्हापासून झाला, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे दोरीच्या शेवटच्या टोकापासून अवघ्या ६६ सेंटिमीटरवर वाहिला. आपण माणसे शेवटच्या तीन मिलिमीटरांत आहोत आणि लिहून ठेवलेला सगळा इतिहास केसाच्या जाडीइतका आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनोसोरच्या विष्ठेचे जीवाश्म सापडतात. त्यांत गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाल्याने डायनोसोरच्या काळातही गवत होते हे २००५ साली जगाला कळले. सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे. बुलढाण्याचे लोणार सरोवर ज्या विवरात आहे ते उल्केच्या आघाताने बेसाल्टमध्ये तयार झाले असून त्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. हे सर्व आपल्याच विदर्भात असल्याने वर्षातून एखादा प्रवास तरी अशा ठिकाणी व्हावा. नागपूरला जाणे झाले तर रमण विज्ञान केंद्र चुकवू नये.

आनुवंशिकतेसाठी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा विचार करावा, कारण यवतमाळपासून गडचिरोलीपर्यंत हा आजार परिचयाचा आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे दोघांतही आजाराच्या जनुकाची एकच प्रत असेल, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि मुक्त असण्याची चारात एक असते. एक नाणे आईचे, एक वडिलांचे आणि छापा म्हणजे आजाराचे जनुक असे धरून दोन नाणी शंभर वेळा उडवून निकाल लिहिले की हे प्रमाण दिसू लागते, आणि ‘पहिल्या मुलाला झाला म्हणजे पुढची तीन सुटली’ हा गैरसमज कसा चुकीचा आहे तेही दिसते. वाहक व्यक्तीला तीव्र मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. त्यामुळे मलेरियाच्या प्रदेशात हे जनुक टिकून राहिले. हा आजार कोणाच्या पापाचे फळ नाही आणि कोणत्याही जातीचा कलंक नाही, हे या धड्यात स्पष्ट शब्दांत सांगावे. गावातील कोणाच्या घरात तो आहे याची चौकशी मात्र अभ्यासासाठीसुद्धा करू नये.

इतके सगळे शेताविषयी लिहिल्यावर एक सावधगिरी सांगणे मला आवश्यक वाटते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आराखडा केला आणि शेजारच्याच सेवाग्राममध्ये सूतकताई, शेती, स्वयंपाक यांतून शिकवणारी नई तालीम उभी राहिली. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही त्या विचाराने काम चालते. पूर्वपरवानगी घेऊन ती पाहून यावी. हाताने काम करता करता शिकण्यावर माझा विश्वास आहे, परंतु शेतातून सगळे विज्ञान मिळत नाही. अणूची रचना, रासायनिक समीकरणे, विद्युतप्रवाह, प्रकाशाचे अपवर्तन हे विषय कपाशीतून आपणहून उगवणार नाहीत, आणि जे समोर दिसते तेवढेच शिकवत गेलो तर दोन वर्षांनी मुलीच्या ज्ञानात मोठी भगदाडे राहतील. म्हणून बालभारतीची सातवी ते दहावीची विज्ञान आणि गणिताची पुस्तके क्रमाने पुरी करावीत. ती संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. सकाळचा दीड-दोन तासांचा वेळ पुस्तकासाठी आणि गणितासाठी ठेवावा, आणि शेतातले काम त्याला जोडून घ्यावे. प्रत्येक धड्यातील एक तरी विधान तिने स्वतः करून पडताळावे. हळदीच्या पाण्यात चुना किंवा साबण घातल्यावर येणारा लाल रंग आणि जास्वंदीच्या रसाचा बदलणारा रंग यांतून आम्ल व अल्कली समजतात. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात साबणाचा फेस किती येतो यावरून पाण्याचा कठीणपणा कळतो. ५० चौरस मीटरच्या टिनाच्या छतावर २० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० लिटर पाणी मिळते, हे गणित ती घरच्या पर्जन्यमापकावरून करील. विकत घ्यायच्या वस्तूंत एक भिंग, एक मल्टिमीटर, एक तापमापी आणि जमल्यास फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक एवढे पुरे आहे. टाकाऊ वस्तूंतून खेळणी आणि प्रयोग करण्याच्या अरविंद गुप्ता यांच्या चित्रफिती मराठीतही आहेत. शंका आल्यास मराठी विश्वकोश मोफत पाहता येतो, आणि मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका घरी लावता येईल.

फवारणीची औषधे कोणत्याही प्रयोगात नकोत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण जवळून पाहिले आहे. डब्यावरील त्रिकोणाचे लाल, पिवळे, निळे आणि हिरवे रंग कोणती तीव्रता दाखवतात, विष कातडीतून शरीरात कसे शिरते आणि वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून फवारणी का करू नये, एवढा धडा तिने लांबूनच शिकावा आणि घरात मोठ्यांना समजावून सांगावा.

इतिहासाविषयी आपल्याला चिंता नाही, तरी एक सुचवतो. इतिहास हा विषय धर्माभिमानाच्या तावडीत विज्ञानापेक्षाही लवकर सापडतो, म्हणून तोही आपल्या कपाशीपासूनच सुरू करून पाहावा. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्याने तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मागणी आली. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली आणि पुढे यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची शकुंतला कापसासाठीच धावू लागली. त्या तेजीत कोण श्रीमंत झाले, कोण सावकाराच्या पाशात सापडले, असे प्रश्न विचारले की इतिहास राजांच्या आणि देवळांच्या यादीबाहेर येतो. सर्व धर्मांची ओळखही याच तासात, समान आदराने आणि समान चिकित्सेने करून द्यावी. धर्म वगळून या देशाचा इतिहास कळणार नाही. भाषेसाठी एवढेच की तिची वऱ्हाडी तोडू नका. प्रयोगाची नोंद प्रमाण मराठीत लिहू द्या आणि सांगायची असेल तेव्हा वऱ्हाडीत सांगू द्या.

आपल्या पत्रात ज्याचा उल्लेखच नाही, त्या गोष्टीची मला सर्वांत अधिक काळजी वाटते. शाळेतील विज्ञान कसेही असो, शाळेच्या बाकावर निरनिराळ्या जातींची आणि धर्मांची मुले शेजारी बसतात, एकमेकांच्या डब्यातले खातात आणि भांडतात. घरी शिकणाऱ्या मुलीचे हे शिक्षण बंद पडते, आणि ज्या घराला धर्मनिरपेक्ष शिक्षण द्यायचे आहे त्या घराला तर हे नुकसान परवडणारे नाही. म्हणून आठवड्यातून एक दुपार गावातल्या मुलांसाठी ठेवावी. जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींना विचारून शाळेच्या ओट्यावर, किंवा समाजमंदिरात, आपल्या मुलीने केलेले प्रयोग सर्वांनी मिळून पुन्हा करावेत. वस्तीतली, कोलामांच्या पोडावरची, मोहल्ल्यातली मुले येतील याची खबरदारी आपण स्वतः घ्यावी. बोलावणे दारोदार जाऊन करावे, नुसता निरोप पाठवून नव्हे. आपली मुलगी दुसऱ्याला समजावू लागली की तिला स्वतःला काय समजलेले नाही ते तिला कळेल, आणि आजोबांच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्यांना त्या दुपारी डोळ्यांनी पाहायला मिळेल.

उरलेले उत्तर कागदपत्रांचे आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शाळेत घालणे हे कलम १० प्रमाणे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे. त्या कायद्यात घरी शिकवण्याला स्पष्ट मान्यता नाही, तसेच पालकांना दंड करण्याची तरतूदही नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक घरी आले तर त्यांना टाळू नये. वह्या, सावलीचे तक्ते आणि पतंगांच्या नोंदी दाखवाव्यात. कलम ४ नुसार मुलाला केव्हाही वयानुरूप वर्गात प्रवेश मिळू शकतो, त्यामुळे मध्येच तिला शाळेत परत जावेसे वाटले तर दार उघडे आहे, आणि तिने तसे म्हटल्यास तिचे ऐकावे. दहावीसाठी दोन मार्ग आहेत. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून ती खासगीरीत्या परीक्षेला बसू शकते. त्यासाठी यवतमाळ जिल्हा अमरावती विभागीय मंडळाकडे येतो, अर्ज करताना संपर्क केंद्र म्हणून एक शाळा निवडावी लागते आणि अटी व मुदती मंडळ दरवर्षी जाहीर करते. दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा आहे. तिथे दहावीच्या प्रवेशासाठी वयाची १४ वर्षे पूर्ण लागतात, मराठी माध्यम घेता येते, पाच विषय पुरतात आणि एकदा केलेली नोंदणी पाच वर्षे चालत असल्याने विषय थोडे थोडे करून देता येतात. अकरावीला विज्ञान घ्यायचे मनात असेल तर या पाचांत गणित आणि विज्ञान हे दोन्ही विषय असलेच पाहिजेत, आणि विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाची तयारी अभ्यासकेंद्राशी बोलून आधीच करावी. कोणता मार्ग घ्यायचा ते आजच ठरवण्याची गरज नाही, पण जुन्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला याच महिन्यात काढून आणावा आणि त्यावरील नाव व जन्मतारीख आधार कार्डाशी अक्षरशः जुळते का ते पाहावे. एका काना-मात्रेचा फरकही अर्ज भरताना अडचणीचा ठरतो, आणि तो दुरुस्त करायला वेळ लागतो.

कळावे.